बियांची थकबाकी

उन्हाळ्यात आमच्याकडच्या पेपरात रोज एक ओळ असते. शहराचं कमाल तापमान चिकलठाणा वेधशाळेत इतकं इतकं नोंदलं गेलं. शहर म्हणजे छत्रपती संभाजीनगर आणि चिकलठाणा म्हणजे माझं गाव. गाव म्हणायचं ते सवयीनं. 1982 साली महापालिका झाली आणि गाव तिच्या पोटात गेलं. एका अंगाला विमानतळ, एका अंगाला एमआयडीसी, मधून जालना रोड. सुखना नदीही आहे, पण तिच्याबद्दल न बोललेलं बरं. अख्ख्या शहराचा ताप मोजायचं काम मात्र अजून आमच्याच गावाकडे आहे.

मी पस्तीस वर्षं एका जिल्हा सहकारी बँकेत काढली, बहुतेक सगळी निरीक्षक म्हणून. निरीक्षक हा कागदावरचा शब्द. गावोगाव आम्हाला म्हणायचे वसुलीवाले. फटफटी दिसली की चावडीवरची माणसं पांगायची. त्यामुळे कुठलीही नवी गोष्ट समोर आली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो वसुलीचा. मुलीचं लग्न ठरलं तेव्हासुद्धा आला होता, पण ते जाऊ द्या.

2006 सालच्या पावसाळ्यात आमच्या बँकेत चहाच्या वेळी एक बातमी चघळली गेली. नगर जिल्ह्यातले भाऊसाहेब थोरात डोंगरांवर बिया पेरायला निघाले होते. शे-दोनशे बिया असत्या तर कुणी चहा थांबवला नसता. कोट्यवधी बियांची भाषा होती आणि मोहिमेचं नाव होतं दंडकारण्य अभियान. भाऊसाहेबांचं वय तेव्हा 82. एक सहकारी म्हणाला, "एवढं वाटप! वसुली कोण करणार?" सगळे हसले, मीही हसलो. प्रश्न मात्र डोक्यात राहिला. कारण ज्यांच्याबद्दल हसत होतो ते आमच्याच धंद्यातले होते. जिल्हा बँक त्यांनी चालवलेली होती, राज्य सहकारी बँकेचा कारभार त्यांना आतून माहीत होता. वाटप आणि वसुली यांतला फरक त्यांना मी काय सांगणार?

भाऊसाहेब संतुजी थोरात. जन्म 12 जानेवारी 1924, गाव जोर्वे, तालुका संगमनेर, तेव्हाचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा. जोर्वे हे नाव पुराणवस्तूवाल्यांना जगभर ठाऊक आहे. 1950-51 मध्ये हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे खोदकाम केलं. त्यात तीन हजार वर्षांपूर्वीची लाल रंगाची, तोटीची मडकी आणि तांब्याच्या कुऱ्हाडी सापडल्या. तसली मडकी जिथे जिथे मिळतात त्या सगळ्या वस्त्यांना आता जोर्वे संस्कृती म्हणतात. प्रवरेच्या काठी माणूस तेव्हापासून शेती करतोय. त्याला कर्ज कोण देत असेल, हे सांकलियांनी लिहिलेलं नाही.

भाऊसाहेबांची पिढी 1942 च्या आंदोलनात होरपळून निघाली. ते तुरुंगात गेले. बाहेर आले ते डाव्या विचारांचे होऊन. संगमनेर-अकोल्याचा तो भागच तसा होता. विड्या वळणाऱ्या बायांच्या मजुरीचे लढे, कुळांचे लढे. जवळे कडलगचे दत्ता देशमुख त्याच मातीतले, पुढे लाल निशाण पक्षाचे आणि पाण्याचे अभ्यासक म्हणून राज्यभर ऐकले गेलेले. केंद्रात शेती खातं सांभाळणारे आणि हरितक्रांतीच्या काळातले अण्णासाहेब शिंदे हेही याच मेळ्यातले. लाल झेंड्याखाली घोषणा देणारा तरुण पुढे बँकेच्या खुर्चीवर बसला, म्हणून कुणी नाकं मुरडतील. मला त्यात विसंगती दिसत नाही. सावकाराच्या विरोधात घोषणा देऊन झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी शेतकऱ्याला बियाण्याला पैसे लागतात. ते कुणीतरी द्यावेच लागतात.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण आजच्या वाचकाला जिल्हा बँक म्हटली की घोटाळ्याची बातमी आठवते.

12 मे 1875. पुणे जिल्ह्यातलं सुपे. शेतकरी सावकारांच्या दारात जमले आणि त्यांनी कर्जखतं, हुकूमनामे, वह्या बाहेर काढून जाळल्या. हे लोण नगर जिल्ह्यातही पसरलं. माणसं मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर त्यांचा भर होता, कारण जमीन कागदाने जात होती हे त्यांना पक्कं कळलेलं होतं. इंग्रज सरकारने 1879 साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला आणि 1904 साली सहकारी पतसंस्थांचा. 1911 मध्ये मुंबईत विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांनी जी सहकारी बँक काढली, तीच पुढे राज्य सहकारी बँक झाली. मग उतरंड तयार झाली. गावात सोसायटी, जिल्ह्याला जिल्हा बँक, मुंबईत शिखर बँक. पैसा वरून खाली झिरपणार आणि हंगाम संपला की खालून वर चढणार.

हे कागदावर. प्रत्यक्षात 1951-52 ची गोरवाला समितीची पाहणी सांगते, की देशभरातल्या शेतकऱ्याने घेतलेल्या दर 100 रुपये कर्जात सहकारी संस्थांचे फक्त 3 रुपये होते आणि सावकारांचे जवळजवळ 70. म्हणजे कायदा होऊन जवळपास पन्नास वर्षं उलटली तरी गावचा खरा बँकर सावकारच होता. आमच्याकडे तर निजामाचं राज्य. गोदावरीपलीकडे इंग्रजांचा कायदा आणि अलीकडे हैदराबादचा. 17 सप्टेंबर 1948 ला आम्ही मोकळे झालो. माझे वडील सांगायचे, की सावकाराकडे जाताना ते पायताण फाटकाबाहेर काढून ठेवत आणि सोसायटीत जाताना घालून जात. सहकाराची याहून चांगली व्याख्या मला तीसेक वर्षांच्या सरकारी परिपत्रकांत सापडली नाही.

भाऊसाहेबांसारख्यांचं काम तिथे होतं. कर्ज देणं सोपं असतं, ते शेतकऱ्याला पेलेल असं बांधणं अवघड. दरवर्षी सोसायटीचा गटसचिव प्रत्येक सभासदाचं कमाल मर्यादा पत्रक करतो. आम्ही त्याला नुसतं क.म. म्हणतो. किती एकर, कोणतं पीक, एकरी किती मंजूर, त्यावरून कर्जाची मर्यादा. कर्जाचा बोजा सातबारावर चढतो. पीक हाती आलं की भरणा, आणि भरणा केला की नवं कर्ज. पाऊस फसला की हे चक्र अडतं. मग मार्च महिन्यात जे सुरू होतं त्याला गावात म्हणतात नवं-जुनं. सकाळी कुठून तरी हातउसने पैसे आणून जुनं कर्ज भरायचं, संध्याकाळी नवं उचलायचं आणि उसने पैसे परत करायचे. कागदावर वसुली शंभर टक्के, शेतकऱ्याच्या खिशात शून्य, आणि ज्याने एका दिवसापुरते पैसे दिले तो सावकार पुन्हा हजर. सोसायटी आणखी खचली की आमच्या अहवालात एक शब्द यायचा, अनिष्ट तफावत. म्हणजे सोसायटी बँकेला जितकं देणं लागते तितकं येणं तिचं सभासदांकडे उरलेलंच नाही. मधले पैसे कुठे गेले हे कुणी सांगत नाही. असे अहवाल मी ढिगाने लिहिले आहेत. एका गावी अध्यक्षाने मला जेवायला बसवून, ताटात पुरणपोळी वाढून, तफावत अनिष्ट न म्हणता नुसती तफावत लिहा असं सुचवलं होतं. पोळी चांगली होती. शब्द मी बदलला नाही.

नगर जिल्ह्यात या दुखण्यावर जो उपाय झाला तो साखर कारखाना. शहरी माणसाला कारखाना म्हटलं की साखर दिसते, आम्हा बँकवाल्यांना लिंकिंग दिसतं. ऊस कारखान्याला गेला की बिलातून सोसायटीचं कर्ज परस्पर कापून बँकेला मिळतं. फटफटी घेऊन दारोदार फिरायची गरज नाही. संगमनेरला भाऊसाहेबांच्या पुढाकाराने 1967 च्या सुमारास सहकारी कारखाना उभा राहिला. आज त्याला त्यांचंच नाव आहे. प्रवरेला लोक अमृतवाहिनी म्हणतात म्हणून पुढच्या संस्थांच्या नावांत अमृत आलं. दूध संघ झाला, 1983 मध्ये अमृतवाहिनी अभियांत्रिकी महाविद्यालय झालं. 1978 ते 1980 ते संगमनेरचे आमदार होते. ती कारकीर्द लहानच. त्यांच्या आयुष्यात विधानसभा ही वाटेतली एक धर्मशाळा होती असं मला वाटतं. मुक्काम सहकारात.

दूध संघाचंही बँकवाल्याला वेगळं अप्रूप असतं. ऊस वर्षातून एकदा पैसे देतो, कापूस जेव्हा देईल तेव्हा. दुधाचा पगार मात्र दर दहा दिवसांनी. ज्या घरात दोन संकरित गायी आहेत त्या घरचा हप्ता सहसा थकत नाही, हे माझं पस्तीस वर्षांचं निरीक्षण आहे. तो पगार आणायला बहुधा घरची बाई जाते, त्याचाही यात हात असावा.

आता या सगळ्याची दुसरी बाजू. संगमनेर हा पर्जन्यछायेचा तालुका. भंडारदऱ्याचं धरण 1926 ला पुरं झालं, पण ओझरच्या बंधाऱ्यावरून निघालेले कालवे मुख्यतः खालच्या भागाला, राहाता-श्रीरामपूरकडे पाणी नेत. संगमनेरच्या नदीकाठाने उपसा योजना करून ऊस लावला. नदीपासून लांब, साकूर-घारगावचं पठार, तळेगावची माळरानं, तिथे उन्हाळ्यात पाण्याचे टँकर. ऊस किती पाणी पितो हे आता शाळेतलं पोरही सांगतं. ज्या पिढीने ऊस आणला तिच्यावर हा आरोप होतो आणि तो खोटा नाही. हे डोंगर उघडे पडले त्याला ऊस एकटा जबाबदार नव्हे. सरपण, चराई, कोळसा, दुष्काळ, सगळ्यांनी आपापला वाटा उचलला. पण भरभराटीच्या हिशेबात डोंगराचा रकाना कुणी ठेवला नव्हता, एवढं खरं. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी भाऊसाहेबांनी तो उघडला. पश्चात्तापाने की दूरदृष्टीने, याचा निवाडा मी करत नाही. खातं उघडलं हे महत्त्वाचं.

नाव त्यांनी हुशारीने निवडलं. रामायणातलं दंडकारण्य आपल्याकडे लोक नाशिकच्या पंचवटीपासून धरतात. शेजारच्या अकोल्यात अगस्ती ऋषींचा आश्रम. म्हणजे इथे घनदाट अरण्य होतं हे आजीच्या गोष्टीतून प्रत्येकाला ठाऊक. सरकारी खात्याने याचं नाव 'सामाजिक वनीकरण टप्पा दोन' ठेवलं असतं. दंडकारण्य म्हटलं की शाळेची पोरं, बचत गटाच्या बाया, कारखान्याचे कामगार, सगळे पिशवीत बिया घेऊन डोंगर चढायला तयार.

आणि रोपं न लावता बिया का पेरल्या? याचं उत्तर कुठलाही बँकवाला देईल. रोपाला रोपवाटिका लागते, पिशवी लागते, माती लागते, डोंगरावर वाहून न्यायला ट्रॅक्टर लागतो, खड्डा लागतो, वर्षभर पाणी लागतं. बी फुकट असतं. निंबोळी देवळाच्या पारावर झाडून गोळा करायची, सीताफळाचं बी खाणाऱ्याने थुंकलेलं, बाभळीच्या शेंगा बांधावर पडलेल्या. भांडवल जवळजवळ शून्य, त्यामुळे शंभरातली पाच रुजली तरी खातं तोट्यात जात नाही.

पण बियांचाही कारभार असतो. निंबोळी ताजीच पेरावी लागते, काही आठवड्यांत तिचा जोम जातो. साठवून पुढच्या वर्षी पेरलीत तर पेरण्याचं पुण्य मिळेल, झाड मिळणार नाही. बाभळीचं उलटं. तिच्या बियाला इतकं टणक कवच असतं की पाणी आत शिरत नाही. ते कडक पाण्यात भिजवावं लागतं, नाहीतर शेळीच्या पोटातून यावं लागतं. तेही झालं नाही तर बी मातीत वर्षानुवर्षं नुसतं पडून राहतं, मेलेलं नसतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल. शिवाय रुजणं ही नुसती मंजुरी. खरी परीक्षा ऑक्टोबरच्या उन्हात आणि त्याहून मोठी मार्चनंतर, जेव्हा माळावर हिरवं म्हणून तेवढंच उरतं आणि शेळ्या येतात. म्हणून नगर जिल्ह्यातल्याच हिवरे बाजारने झाडं लावतानाच कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली. लावलेलं झाड राखायचा नियम नसेल तर ती पेरणी शेळ्यांसाठीच होते.

त्याच वर्षी, 2006 च्या नोव्हेंबरात, नैरोबीत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने अब्ज झाडांची मोहीम जाहीर केली. तिच्या मागे केनियाच्या वांगारी मथाई होत्या, ज्यांना 2004 चं शांततेचं नोबेल मिळालं होतं. 1977 पासून त्या खेड्यातल्या बायकांकडून झाडं लावून घेत आल्या होत्या. त्यांची एक पद्धत वाचली तेव्हा मी वर्तमानपत्र खाली ठेवून टाळी वाजवली. त्या बायकांना थोडासा मोबदला द्यायच्या, पण रोप लावल्याबद्दल नाही, जगल्यावर. आमच्या भाषेत वसुलीवर कमिशन. आपल्याकडे सरकारने 2016 ला 2 कोटी झाडांपासून सुरुवात करून 2019 ला 33 कोटींचं उद्दिष्ट ठेवलं. आकडे ऐकून छाती फुगते. पण लावलेल्या झाडांचा आकडा म्हणजे वाटलेल्या कर्जाचा आकडा. तीन वर्षांनी किती जिवंत, हा वसुलीचा आकडा, आणि तो फलकावर कुणी रंगवत नाही. दंडकारण्याच्या कोट्यवधी बियांनाही मी हाच प्रश्न विचारतो. भाऊसाहेबांना स्वतःला तो चुकला नसता असं मला वाटतं. चाळीसेक वर्षं वसुलीचे तक्ते पाहिलेल्या माणसाने हे वाटप केलं ते बुडीत जाणाऱ्या बियांची तरतूद मनात धरूनच केलं असणार.

आमच्या बँकेत एक रीत होती. कर्जदार सत्तरीपुढचा असेल तर दीर्घ मुदतीचं कर्ज देताना वारसाची सही घ्यायची. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला डोंगरावर झाड उगवण्याच्या मुदतीचं कर्ज मी तरी मंजूर केलं नसतं. भाऊसाहेबांनी वारस म्हणून अख्खा तालुका सह्यांना उभा केला. 14 मार्च 2010 ला ते गेले. मोहीम त्यांच्या घरच्यांनी आणि संस्थांनी पुढे चालू ठेवली.

मी 2009 ला निवृत्त झालो होतो. त्यांच्या निधनाची बातमी वाचली आणि ठरवलं, की एकदा तपासणीला जायचं. आयुष्यभराची खोड. पावसाला सुरुवात झाल्यावर एसटीने निघालो. वैजापूर, कोपरगाव, तळेगाव दिघे, संगमनेर. दुसऱ्या दिवशी पुणे रस्त्याने चंदनापुरीच्या घाटात उतरलो आणि जमेल तेवढं चढलो.

काय दिसलं? पेपरातल्या फोटोसारखं अरण्य नाही दिसलं. कातळावर काहीच नव्हतं. जिथे दगडांच्या खाचेत मूठभर माती होती तिथे सीताफळ होतं, कंबरेएवढं. ओढ्याच्या कडेला बाभळी. मधेच करंज. पुन्हा मोठा उघडा पट्टा, पुन्हा पाच-सात झाडं. यातलं काय पेरलेलं आणि काय आपलं आपण आलेलं, हे ओळखायचं साधन माझ्याकडे नव्हतं. खाली एक म्हातारी शेळ्या राखत होती. मी म्हटलं, "मावशी, इथं पोरं बिया टाकायला येतात का?"

"येत्यात की. गाणी म्हणत येत्यात."

"मग उगवतं का?"

तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं. माणूस सरकारी आहे की नाही याचा अंदाज घेणारी ती नजर मला चांगली ओळखीची. मग म्हणाली, "शेरडं सीताफळाला तोंड लावत न्हाईत, बाबा. त्यामुळं ते ऱ्हातं. बाकीचं बघा नशिबावर."

झालं. वनखात्याच्या जाड अहवालात जे सापडलं नसतं ते तिने दोन वाक्यांत दिलं. सीताफळाच्या पानाला एक उग्र वास असतो, जनावर त्याच्या वाटेला जात नाही. म्हणजे उघड्या चराईच्या डोंगरावर काय पेरायचं हे ठरवण्याआधी शेळीचं मत घ्यायला हवं. सही कुणाचीही असो, जामीनदार शेळी.

परत आलो तो डोक्यात किडा घेऊन. आमची जमीन वडिलांच्या काळातच बरीचशी गेली. उरले ते अकरा गुंठे, सुखनेला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठी, दगडगोट्यांचे, कुणी फुकट घेणार नाही असे. 2011 च्या जूनमध्ये तिथे मोजून 100 बिया टोकल्या. 40 निंबोळ्या, 30 सीताफळं, 30 बाभळी. दोरी धरून ओळी केल्या, प्रत्येक ओळीच्या टोकाला दगड ठेवला आणि बँकेतून आणलेल्या एका कोऱ्या खतावणीत खातं उघडलं. बायको म्हणाली, "अहो, आता बियांनाही नोटिसा पाठवणार का?" मी म्हटलं, कलम 101 लावता येतं का ते बघतो. या कलमाखाली आम्ही वसुलीचे दाखले मिळवायचो.

ऑगस्टअखेर 34 रुजल्या. 22 निंबोळ्या, 9 सीताफळं, 3 बाभळी. बाभळीचं बी मी भिजवलं नव्हतं, चूक माझी. दिवाळीला 12 उरल्या. पहिल्या उन्हाळ्यात शेजारच्या प्लॉटवर बांधकामाची वाळू पडली, तिच्याखाली तीन गेल्या. चार वाळल्या. राहिल्या पाच. दुसऱ्या उन्हाळ्यात शेळ्यांनी तीन नेल्या. 31 मार्च 2013 ला शिल्लक दोन, एक कडुनिंब आणि एक सीताफळ. वसुली दोन टक्के. आमच्या बँकेत एखाद्या शाखेने अशी वसुली दाखवली असती तर शाखाधिकाऱ्याची बदली सिल्लोडच्या पलीकडे झाली असती.

उरलेल्या 98 बियांचं मी रीतसर निर्लेखन केलं. निर्लेखन म्हणजे हे कर्ज आता येणार नाही असं मान्य करून ते येण्यातून काढून टाकणं. शेतकऱ्याला वाटतं कर्ज माफ झालं, पण तसं नसतं. बँकेने आशा सोडलेली असते, हक्क सोडलेला नसतो. तांबड्या शाईने रेघ मारली, सही केली, तारीख घातली. वही कपाटात टाकली.

2014 च्या पावसाळ्याआधी नालेसफाई झाली. जेसीबीने काठ खरवडला, माझ्या शेवटच्या ओळीचा दगड उलथवून टाकला. मी बराच आरडाओरडा केला, उपयोग अर्थातच झाला नाही. ऑगस्टमध्ये बघायला गेलो तर त्या खरवडलेल्या जागी, बरोबर ओळीत, बोटभर उंचीचं एक रोप. बारीक संयुक्त पानं, बुडाशी पांढरे काटे फुटायच्या बेतात. बाभूळ. तीन वर्षं मातीत गप्प पडलेलं बी, जेसीबीच्या दातांनी कवच खरवडलं आणि पाणी आत गेलं, असा माझा कयास. कुणी म्हणेल पलीकडच्या बाभळीची शेंग शेळीने आणली असेल. शक्य आहे. ऑडिटर आला असता तर मला पुरावा देता आला नसता. पण जागा माझ्या ओळीतली होती, आणि शंकेचा फायदा खातेदाराला द्यायचा अशी माझी नोकरीतही सवय होती.

घरी येऊन खतावणी काढली. प्रश्न असा, की ही नोंद करायची कुठे? खातं तर बंद. बँकेत यासाठी एक वेगळं सदर असतं, निर्लेखित कर्जाची वसुली. पस्तीस वर्षांत मी त्या सदराखाली फार थोड्या रकमा लिहिल्या. एकदा एक जण पुण्याहून येऊन मेलेल्या बापाचं कर्ज भरून गेला होता, तेव्हा लिहिली होती. नवं पान घेतलं, सदर लिहिलं आणि खाली एक असा आकडा टाकला.

ती बाभूळ आता पत्र्याच्या शेडच्या वर गेली आहे. पावसाळ्यात सुगरणी येतात, नाल्याच्या बाजूच्या फांद्यांना घरटी टांगतात. गेल्या महिन्यात तिच्याच काट्याने नातवाच्या मोटारसायकलचं चाक पंक्चर झालं. शंभर रुपये. खर्ची टाकले.